संगमरवरी मेजावरील रोटीव्यवहार

मराठी समाजाच्या इतिहासात 'रोटीव्यवहार' आणि 'बेटीव्यवहार' हे दोन शब्द जोडीने येतात. कोण कोणाच्या हातचे खातो आणि कोण कोणाच्या घरी मुलगी देतो, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून माणसामाणसांतील अंतर मोजण्याची ही जुनी रीत आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतातील रेल्वे स्थानकांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशी निराळी व्यवस्था असे. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर झालेला सत्याग्रह हाही ओंजळभर पाण्यावरील हक्काचा संघर्ष होता. अन्नाचा इतिहास हा केवळ पाककृतींचा इतिहास नसतो, याची जाणीव असलेल्या वाचकाला आग्नेय आशियातील एका साध्या संस्थेची कहाणी परकी वाटणार नाही. सिंगापूर आणि मलेशिया येथील वस्त्यावस्त्यांतून आढळणारे जुन्या वळणाचे कॉफीगृह, म्हणजेच 'कोपीतियाम', ही ती संस्था होय. चिनी माणसाने चालविलेल्या या दुकानात मुसलमान शेजाऱ्याने बसावे, कॉफी घ्यावी आणि पुढे कधीतरी चिनी पद्धतीचे जेवणही निःशंकपणे जेवावे, हा प्रवास जवळजवळ शंभर वर्षांचा आहे.

या संस्थेच्या नावातच दोन भाषा एकत्र आल्या आहेत. 'कोपी' हा मलाय भाषेतील कॉफीवाचक शब्द; 'तियाम' म्हणजे दुकान, हा दक्षिण चीनमधील होक्किएन बोलीतील. तेथील गिऱ्हाईक कॉफी मागते तेही अशाच मिश्र भाषेत. 'कोपी-ओ' म्हणजे बिनदुधाची काळी कॉफी, कारण होक्किएनमध्ये 'ओ' म्हणजे काळा. तिच्यात साखरही नको असेल तर 'कोपी-ओ-कोसोंग' म्हणावे लागते, आणि 'कोसोंग' हा रिकामेपणा दर्शविणारा मलाय शब्द आहे. मागणारा चिनी असो, मलाय असो की तमिळ, त्याला हाच शब्दसमुच्चय वापरावा लागतो. जेथे अन्नाच्या बाबतीत काटेकोर सीमा होत्या, तेथे भाषेच्या बाबतीत मात्र सीमा फार लवकर पुसल्या गेल्या, असे यावरून दिसते.

कोपीतियामचे मूळ शोधू गेल्यास ते चीनच्या दक्षिणेकडील हायनान बेटापाशी पोहोचते. ब्रिटिशांनी १७८६ मध्ये पेनांग आणि १८१९ मध्ये सिंगापूर येथे ठाणी वसविल्यानंतर दक्षिण चीनमधून स्थलांतरितांचे लोंढे येऊ लागले. होक्किएन लोकांनी व्यापार हाती घेतला, तिओच्यू लोक मिरी आणि गांबियर यांच्या लागवडीत शिरले, तर कँटनी लोक कारागिरीत. हायनानी लोक मोठ्या संख्येने आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे बरेच उशिरा. तोवर लाभाचे सर्व धंदे आधी आलेल्यांच्या हाती गेलेले होते. साहजिकच त्यांच्या वाट्याला आले ते साहेबाच्या घरचे स्वयंपाकघर, जहाजावरील भटारखाना आणि हॉटेलातील वाढप्याची नोकरी. १८८७ साली सिंगापुरात उघडलेल्या प्रसिद्ध रॅफल्स हॉटेलाच्या आसपासच, मिडल रोड आणि पर्विस स्ट्रीट या भागात, हायनानी वस्ती होती.

साहेबाच्या स्वयंपाकघरात हे लोक पाव भाजावयास, कॉफी करावयास आणि मुरंबा लावावयास शिकले. पुढे दोन महायुद्धांच्या दरम्यान त्यांतील अनेकांनी साठविलेल्या पुंजीवर स्वतःची लहान दुकाने थाटली. विलायती न्याहारीला त्यांनी मलाय मुलखाचा पेहराव चढविला. मुरंब्याच्या जागी नारळाचे दूध, अंडी आणि साखर मंद आचेवर घोटून केलेला 'काया' आला आणि त्याला केवड्याच्या कुळातील पांदानच्या पानांचा गंध लाभला. कॉफीचे दाणे साखर आणि मार्गारीन घालून गर्द काळे भाजले जात, कापडी गाळणीतून उकळत्या पाण्याने अर्क काढला जाई आणि त्यात आटवलेले गोड दूध घातले जाई. संगमरवरी पाट असलेली वाटोळी मेजे, वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या, जाडजूड चिनी मातीचे कप आणि बशीत ओतून कॉफी पिणारी माणसे असे हे दृश्य होते. मुंबईतील इराणी हॉटेल ज्याने पाहिले आहे, त्याला त्याची ओळख वेगळी करून द्यावयास नको. दोन्ही संस्था उशिरा आलेल्या, इतरांच्या मानाने अल्पसंख्य असलेल्या स्थलांतरितांनी उभ्या केल्या. जो स्वतः गावात उपरा असतो, त्याला गिऱ्हाइकाची जात विचारून चालत नाही.

परंतु दुकानाचे दार सर्वांना उघडे असणे आणि दुकानातील अन्न सर्वांना चालणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दक्षिण चिनी स्वयंपाकात डुकराच्या मांसाचे स्थान मध्यवर्ती होते. मांस उघड दिसत नसले तरी डुकराची वितळविलेली चरबी तळणीत, शेवयांत आणि भातातही असे. शिवाय तांदळाची दारू चवीसाठी वापरली जाई. इस्लामी आहारनियमांनुसार ही दोन्ही निषिद्ध, म्हणजे 'हराम'. आणि कोंबडी वा बोकडाचे मांस ग्राह्य, म्हणजे 'हलाल', ठरावयाचे तर त्या प्राण्याचा वधही विधिपूर्वक झालेला असला पाहिजे. मलाय मुसलमान ज्या शाफई परंपरेचे अनुयायी आहेत, तीत डुकराच्या मांसाचा स्पर्श झालेले भांडे सात वेळा धुवावे लागते आणि त्यांपैकी एकदा मातीमिश्रित पाण्याने. ज्या कढईत सकाळी चरबी वितळली, तीत दुपारी परतलेली भाजीही म्हणून चालत नाही.

येथे भारतीय रोटीव्यवहाराशी असलेला एक महत्त्वाचा भेद ध्यानात घ्यावयास हवा. जातिव्यवस्थेत प्रश्न असतो तो हाताचा: अन्न शुद्ध असूनही शिजविणाऱ्याच्या जन्मामुळे ते अग्राह्य ठरते. हलालच्या विचारात, वधाचा विधी सोडला, तर प्रश्न मुख्यतः पदार्थाचा आणि भांड्याचा असतो. चिनी माणसाने रांधले म्हणून अन्न बाटत नाही; कशात आणि कशाने रांधले, यावर सर्व अवलंबून असते. म्हणजे ही भिंत तत्त्वतः तरी ओलांडता येण्याजोगी होती. ओलांडणाऱ्याला शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात काय चालते याची खात्री मात्र हवी होती. हलाल चिनी अन्नाचा इतिहास हा त्या खात्रीचा इतिहास आहे.

चीनला इस्लामी आहार अपरिचित होता असे मात्र नव्हे. तेथील ह्वे मुसलमानांची 'छिंगचन', म्हणजे 'शुद्ध आणि सत्य', या नावाने ओळखली जाणारी पाकपरंपरा शतकानुशतकांची आहे. लानचौच्या गोमांसाच्या रश्शातील शेवया आणि पेइचिंगमधील मेंढीच्या मांसाचे उकळत्या भांड्यातील जेवण ही तिची सुपरिचित रूपे. फुच्येन प्रांतातील छ्वानचौ बंदरात अकराव्या शतकाच्या आरंभी स्थापन झालेली मशीद आजही उभी आहे. १४०५ ते १४३३ या काळात मलाक्का, कोचीन आणि कालिकत या बंदरांना भेटी देणाऱ्या चिनी आरमाराचा सेनानी चंग ह हा युन्नानमधील मुसलमान कुटुंबात जन्मला होता, आणि त्याच्या सफरींचा वृत्तांत लिहिणारा मा ह्वान हाही मुसलमान होता. तथापि मलायाच्या कोपीतियामशी या परंपरेचा सरळ संबंध जोडता येत नाही. ब्रिटिश अमदानीत तेथे आलेले बहुसंख्य चिनी फुच्येन, क्वांगतुंग आणि हायनान येथील बिगर-मुसलमान होते. हलाल चिनी अन्न त्यांनी गावाकडून आणले नाही. ते नव्या मुलखात, शेजाऱ्यांच्या सान्निध्यात घडवावे लागले.

या घडणीचा पहिला टप्पा असा, की माणसे एका ताटात जेवू लागण्यापूर्वी पदार्थांनीच घरे बदलली. मलाय भाषेतील 'मी' म्हणजे गव्हाच्या शेवया, 'बिहून' म्हणजे तांदळाच्या बारीक शेवया, 'ताउहू' म्हणजे सोयाबीनचे पनीर, 'ताउगे' म्हणजे मोड आलेले मूग आणि 'किचाप' म्हणजे सोया सॉस, हे सारे शब्द होक्किएनमधून आले. शब्द आले ते वस्तूंबरोबर. मलाय आणि तमिळ मुसलमान विक्रेत्यांनी चिनी शेवया घेतल्या, चरबीच्या ऐवजी तेल वापरले, मिरचीचे वाटण आणि मसाला घातला, आणि 'मी गोरेंग', 'मी रेबूस' यांसारखे पदार्थ रूढ झाले. उलट दिशेने नारळाचे दूध, सुक्या कोळंबीचे वाटण आणि मिरची चिनी चुलीवर गेली. या देवाणघेवाणीला कोणाच्या शिक्क्याची गरज नव्हती, कारण मुसलमान घरात मुसलमानच रांधत होता. चिनी पदार्थ पंगतीला आला होता. चिनी यजमान अजून यावयाचा होता.

दुसरा टप्पा कोपीतियाममध्येच घडला. या दुकानांची रचना अशी, की मालक स्वतः पेये आणि पाव विकतो आणि उरलेली जागा निरनिराळ्या विक्रेत्यांना भाड्याने देतो. एका बाजूस चिनी शेवयांचा गाळा, दुसऱ्या बाजूस मुसलमान विक्रेत्याचा 'नासी लेमाक' किंवा पराठ्याचा. मधली मेजे सर्वांची. मालकाच्या स्वतःच्या विक्रीत, म्हणजे कॉफी, भाजलेला पाव, काया आणि अर्धकच्ची उकडलेली अंडी यांत, मांस नसेच. विलायती न्याहारीतून आलेला हा बिनमांसाचा बेत चिनी मालक आणि मुसलमान गिऱ्हाईक यांच्यातील पहिला समाईक आहार ठरला.

मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरील केलांतान आणि तेरेंगानू या राज्यांत, जेथे मलाय मुसलमान मोठ्या बहुसंख्येने राहतात, हायनानी दुकानदारांनी याच्याही पुढे पाऊल टाकले. तेरेंगानूतील कमामान येथील १९४० च्या सुमाराचे हाय पेंग किंवा जोहोर राज्यातील क्लुआंग रेल्वे स्थानकावर १९३८ पासून चालत आलेले कॉफीगृह ही याची प्रसिद्ध उदाहरणे. अशा दुकानांनी डुकराचे मांस मुळातच वर्ज्य केले. केळीच्या पानात बांधलेल्या मलाय भाताच्या पुड्या मेजावर ठेवलेल्या असत. गिऱ्हाइकाने हवी ती उचलावी. हे धर्मांतर नव्हते आणि उपकारही नव्हता. गावात धंदा करावयाचा तर गावाचे पथ्य पाळले पाहिजे, एवढे व्यवहारज्ञान त्यामागे होते. येथे खात्री मिळत होती ती परिचयातून. मालक कोण, त्याचा बाप कोण, मागील चुलीवर काय शिजते, हे सारे गाव जाणत होते.

अशी खात्री लहान गावात टिकते. शहरात ती टिकेलच असे नाही, आणि राजकीय वादळात तर नाहीच. १९६४ च्या जुलैमध्ये सिंगापुरात पैगंबर जयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी चिनी आणि मलाय यांच्यात दंगल उसळली. सप्टेंबरमधील दुसऱ्या दंगलीसह ३६ माणसे मृत्युमुखी पडली. १३ मे १९६९ रोजी क्वालालंपूर येथे सुरू झालेल्या दंगलीतील मृतांचा अधिकृत आकडा १९६ आहे. ज्या मेजांवर कालपर्यंत एकत्र बसणे सवयीचे होते, तेथे बसताना आता माणसे बिचकू लागली असतील, तर त्यात नवल नव्हते. रोटीव्यवहाराने दंगे टळतात, ही भाबडी समजूत या घटनांनी खोटी ठरविली. तरीही दंग्यांनंतर जी नवी समाजरचना आली, तीत एकत्र जेवण्याचा प्रश्न अधिक निकडीचा झाला, हेही तितकेच खरे.

१९६५ मध्ये मलेशियापासून विभक्त झालेल्या सिंगापुरात जुन्या वस्त्या मोडून लोकांना उंच सरकारी इमारतींत हलविण्यात आले. १९७१ ते १९८६ या काळात रस्त्यावरील विक्रेत्यांचे बाजारगृहांत पुनर्वसन झाले आणि कोपीतियाम इमारतींच्या तळमजल्यावर आले. १९८९ पासून प्रत्येक इमारतीत आणि वसाहतीत निरनिराळ्या वंशांच्या कुटुंबांचे प्रमाण ठरवून देण्यात आले. २०२० च्या जनगणनेनुसार सिंगापूरच्या रहिवाशांत चिनी सुमारे ७४ टक्के आणि मलाय १३.५ टक्के आहेत. वरील धोरणामुळे हे अल्पसंख्य एका मोहल्ल्यात एकवटलेले नसून सर्वत्र विखुरलेले आहेत. प्रत्येक कोपीतियामच्या डोक्यावर काही मुसलमान घरे आली. परंतु ते शेजारी पिढ्यान्‌पिढ्यांचे नव्हते. मालक कोण आणि त्याचा बाप कोण, हे आता कोणास ठाऊक नव्हते.

याच सुमारास मलेशियात १९७१ च्या नव्या आर्थिक धोरणामुळे मलाय तरुण मोठ्या संख्येने शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी शहरांत आले. त्यांच्या हाती पैसा आला, बाहेर जेवण्याची सवय आली आणि १९७० च्या दशकातील धार्मिक पुनरुत्थानामुळे आहारनियमांविषयीची दक्षताही वाढली. परिचयाची जागा घेणारे काहीतरी आवश्यक झाले. ती जागा प्रमाणपत्राने घेतली. मलेशियात १९७४ पासून पंतप्रधान कार्यालयाच्या इस्लामी व्यवहार विभागामार्फत हलाल प्रमाणपत्रे दिली जाऊ लागली. सिंगापुरात १९६८ मध्ये स्थापन झालेल्या इस्लामी धर्मपरिषदेने १९७८ मध्ये हे काम हाती घेतले. कोंबडी कोठून आली, सॉसमध्ये दारू आहे काय, भांडी स्वतंत्र आहेत काय, स्वयंपाकघरात मुसलमान कर्मचारी आहे काय, या प्रश्नांची उत्तरे कागदावर येऊ लागली. मलेशियात २०११ च्या आदेशानंतर अधिकृत प्रमाणपत्रावाचून स्वतःस हलाल म्हणविणे हा गुन्हाच ठरला.

प्रमाणपत्रामुळे प्रथमच चिनी आचाऱ्याने चिनी चवीचे जेवण रांधावे आणि अनोळखी मुसलमान गिऱ्हाइकाने ते निर्धास्तपणे खावे, हे शक्य झाले. काही पदार्थांना हे संक्रमण सोपे गेले. हायनानी कोंबडीभातात तांदूळ शिजतो तो कोंबडीच्याच चरबीत आणि रश्शात, आले आणि लसूण यांच्यासह. तेथे विधिपूर्वक मारलेली कोंबडी आणि निराळी भांडी एवढे मिळाले की मूळ चवीला धक्का लागत नाही. या पदार्थाने सर्व समाजांत जी लोकप्रियता मिळविली तिचे एक कारण हेच असावे. 'चार क्वेतियाव' या रुंद तांदूळशेवयांची गोष्ट निराळी. जळत्या आचेवर डुकराच्या चरबीत परतणे हाच तिचा आत्मा, असे जुने चिनी खवय्ये मानतात. तेल घातलेली आवृत्ती त्यांना फिकी वाटते. 'बाक कुत ते' या काढ्यासारख्या रश्शाच्या तर नावातच डुकराचे मांस आणि हाडे आहेत. त्याचा कोंबडीचा अवतार निघाला, तरी २०२४ मध्ये मलेशियाने मूळ पदार्थाला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला, तेव्हा राष्ट्राच्या अन्नात कोणते अन्न गणावे, यावर वाद झालाच.

हे आक्षेप क्षुल्लक म्हणून सोडून देता येत नाहीत. अल्पसंख्याला मेजावर घेताना बहुसंख्याची चव पुसली जाऊ नये, आणि बहुसंख्याच्या पथ्यापुढे अल्पसंख्याचे ताट लपवावे लागू नये, या दोन्ही अपेक्षा न्याय्य आहेत. सिंगापुरात चिनी बहुसंख्य आहेत, मलेशियात मुसलमान. तोच पदार्थ समुद्रधुनीच्या अलीकडे सौजन्याचे आणि पलीकडे दडपणाचे चिन्ह भासू शकतो. प्रमाणपत्राचे स्वतःचेही एक मोल द्यावे लागले. शुल्क आणि तपासणी यांचा भार लहान दुकानदाराला जड जातो. 'डुकराचे मांस नाही, चरबी नाही' अशी पाटी लावून कित्येक दुकाने मधला मार्ग काढतात. पण धर्मसंस्थांच्या मते एवढ्याने अन्न हलाल ठरत नाही. पूर्वी जो मुसलमान गिऱ्हाईक ओळखीच्या हायनानी म्हाताऱ्याच्या शब्दावर विसंबून बसे, त्याचा नातू आता आधी भिंतीवरील कागद पाहतो. कागदाने अनोळखी माणसांना एकत्र आणले. ओळखीच्या माणसाच्या शब्दाचे वजन मात्र त्यानेच कमी केले.

तरीसुद्धा संस्था टिकली आहे. सिंगापूरची विक्रेतासंस्कृती २०२० मध्ये आणि मलेशियाची बहुवांशिक न्याहारीची परंपरा २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट झाली. अशा सन्मानांनी उत्सवी भाषा वाढते आणि इतिहासातील अवघड भाग झाकला जातो, म्हणून त्या भागाची आठवण ठेवणे अगत्याचे आहे. कोपीतियामने माणसांना आपापले नियम विसरावयास लावले नाही. नियम कायम ठेवून एका मेजावर बसण्याची सोय त्याने करून दिली: प्रथम बिनमांसाच्या न्याहारीने, मग मालकाच्या शब्दाने, आणि अखेरीस तपासलेल्या कागदाने. सिंगापुरात २०२१ पासून जेवण झाल्यावर थाळी स्वतः नेऊन ठेवणे सक्तीचे झाले आहे. त्यासाठी हलाल आणि इतर अशा दोन निराळ्या मांडण्या असतात. एकाच मेजावरून उठलेली दोन माणसे आपापली थाळी निरनिराळ्या मांडणीत ठेवतात आणि उरलेली कॉफी संपविण्यासाठी पुन्हा त्याच मेजावर येऊन बसतात.